थॅनॉस बाद, गब्बर पास

'अ‍ॅव्हेंजर्स' सिनेमांतल्या थॅनॉसचा निकाल लागायला दोन मिनिटंही लागत नाहीत. एका चुटकीसरशी विश्वातले निम्मे जीव नाहीसे करणारा हा गडी आमच्या 'निर्भेळ दुष्टां'च्या, म्हणजे ज्यांच्यात चांगलं काहीच नाही अशा खलनायकांच्या, यादीत बसत नाही म्हटलं की गटात नवीन आलेला माणूस हमखास उखडतो. "अहो, एवढी माणसं मारली त्याने!" मारली ना. पण मानलेल्या मुलीला, गमोराला, कड्यावरून ढकलताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते पाणी खोटं नाही. ज्याच्यावर खरंच माया आहे त्याचाच बळी दिला तर त्याला हवा असलेला जादूचा मणी मिळणार, अशी अट होती. मणी मिळाला. म्हणजे मायेचं सर्टिफिकेट खुद्द कथेनेच दिलं. विषय मिटला, पुढचा घ्या.

इंग्रजी चाहत्यांमध्ये 'प्युअर इव्हिल' किंवा 'कम्प्लीट मॉन्स्टर' अशा नावांनी हा उद्योग बरीच वर्षं चालू आहे. त्यांच्या अटी थोड्या इकडेतिकडे करून आम्ही ठाण्यात काही जण तोच खेळ खेळतो. मला त्यात ओढलं माझ्या भाच्याने. बाकीच्यांत एक वकीलसाहेब आहेत, अ‍ॅनिमेशन शिकणारी एक मुलगी आहे, आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, ज्यांना आम्ही सगळेच नुसतं 'बाई' म्हणतो. बाईंना सिनेमातलं फारसं कळत नाही असं त्या स्वतः म्हणतात आणि मग सगळ्यात अडचणीचे प्रश्न त्याच विचारतात.

रीत अशी. ज्याला एखादं पात्र यादीत घालायचं आहे त्याने मांडणी करायची. कलाकृती कोणती, हा माणूस कोण, त्याने काय काय केलं, त्याच कथेतल्या इतर वाईट माणसांच्या तुलनेत तो कुठे बसतो, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखं काय आहे. हा शेवटचा भाग सगळ्यात जड जातो, कारण फिर्याद आणि बचाव दोन्ही एकाच माणसाने करायचे असतात. भावाची आठवण, कुत्र्यावरचं प्रेम, एखादा पाळलेला शब्द, असं काही लपवलं आणि दुसऱ्याने शोधून काढलं, की मांडणाऱ्याची पत गेलीच. त्यानंतर प्रश्न आणि मग मतं. नुसतं 'हो' चालत नाही, का ते सांगावं लागतं. समसमान मतं पडली तर पात्र यादीबाहेर.

अटी ऐकायला सोप्या आहेत. त्याला बरं-वाईट कळत असलं पाहिजे आणि निवड करता आली पाहिजे. माणसं खाणारा मासा किंवा बिघडलेलं यंत्र इथे येत नाही. कथेने त्याला गंभीरपणे घेतलेलं असलं पाहिजे. कुणासाठीही निःस्वार्थ असं काही त्याने केलेलं नसावं, आणि केलेल्याचा खरा पश्चात्तापही नसावा. त्या कथेच्या जगात जेवढं वाईट वागणं सर्रास चालतं, त्याच्याही पलीकडे तो गेलेला असावा. आणि खरीखुरी माणसं अजिबात घ्यायची नाहीत. इतिहासातले सरदार, बादशहा आले की चर्चा सिनेमाची राहत नाही हे आम्हाला लवकरच कळलं.

माझ्या मते यातली सगळ्यात शहाणपणाची अट आहे ती ऐपतीची. हातात फौज असलेल्याने शहर जाळलं आणि हातात नुसता चाकू असलेल्याने एक घर उद्ध्वस्त केलं, तर दोघांना एका मापाने मोजायचं नाही. ज्याच्याकडे जेवढं होतं तेवढ्यात त्याने किती मजल मारली, ते बघायचं. या एका अटीमुळे प्रेतं मोजण्याचा खेळ थांबतो.

मी मांडणी केली ती गब्बरची. 'शोले'तल्या गब्बरला कुणी विरोध करील असं वाटत नव्हतं, पण झाला, आणि चांगला रात्री उशिरापर्यंत चालला.

पहिला आक्षेप भाच्याचा. "मामा, पण तो आवडतो ना सगळ्यांना. त्याचे डायलॉग लोक लग्नात म्हणतात." खरं आहे. १९७५ सालच्या त्या डाकूने पुढे ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत काम केलं, आणि आयांनी तीच बिस्किटं पोरांना चहात बुडवून दिली. पण प्रेक्षकाला कोण आवडतं हे आमच्या अटींत कुठेच नाही. अमजद खानची तंबाखू मळण्याची ढब ही अमजद खानची कमाई, गब्बरच्या खात्यावर ती जमा होत नाही. हे तत्त्व म्हणून सगळ्यांना पटतं, मत देताना मात्र प्रत्येकाची जीभ अडखळते.

दुसरा आक्षेप वकीलसाहेबांचा, आणि तो वजनदार होता. "ठाकूरच्या नातवाला गब्बर मारतो, हे तुम्ही पाहिलंय की तुम्हाला माहीत आहे?" पडद्याआड घडलेला गुन्हा आम्ही कमी धरतो. नुसतं कुणी सांगितलं की याने शंभर गावं लुटली, तर ती अफवाही असू शकते. म्हणून तो प्रसंग पुन्हा लावला. अंगणात झोपाळ्याची करकर. घरातली माणसं एकेक करून पडलेली. मूल एकटं उभं, समोर घोड्यावर गब्बर, हातात बंदूक. गोळी मुलाला लागताना दिसत नाही. नंतर ठाकूर सुट्टीवर घरी येतो तेव्हा अंगणात पांढऱ्या चादरींखाली प्रेतं ओळीने ठेवलेली असतात, वाऱ्याने चादरी उडतात. त्यातली एक चादर बाकीच्यांपेक्षा लहान आहे. वकीलसाहेबांनी तिथे थांबवायला सांगितलं आणि म्हणाले, "पुरे. हा पुरावा झाला." पडद्याआडचं असलं तरी परिणाम डोळ्यांसमोर असेल तर ते पूर्ण धरायचं, हा नियम आमच्याकडे त्या रात्री पक्का झाला.

तरीही मला विचाराल तर गब्बरचा निकाल त्या अंगणात लागत नाही. ठाकूरने त्याला पकडून तुरुंगात टाकलं होतं, तो सूड घ्यायला आला. सूड ही सबब होत नाही, पण निदान कारण तरी आहे. खरा निकाल लागतो तो कालियाच्या प्रसंगात. तीन माणसं रामगढहून हात हलवत परत आली आहेत. गब्बर पिस्तुलातल्या सहापैकी तीन गोळ्या हवेत उडवतो, चक्री फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. तिघेही वाचतात. तिन्ही वेळा घर रिकामं. गब्बर हसायला लागतो. मग ते तिघे हसतात, मग सगळी टोळी हसते, डोंगरात हसू घुमतं. अ‍ॅनिमेशनवाली मुलगी इथे म्हणाली, "हे बघा, हा मोकळेपणा आहे. आपल्या माणसांबरोबर तो हसतोय." तिने मुद्दा मांडला ते बरंच झालं, कारण त्यामुळे आम्ही ते हसू तीनदा पाहिलं. हसता हसताच तो तिघांना गोळ्या घालतो. खेळ त्याचाच, नियम त्याचेच, आणि नियमाप्रमाणे ती माणसं सुटली होती. तिथे थांबला असता तर 'याचा स्वतःचा असा एक कायदा आहे' असं म्हणून त्याला सोडावं लागलं असतं. चाहत्यांच्या यादीतून असे कितीतरी खलनायक एका पाळलेल्या शब्दामुळे निसटतात. गब्बरने ती वाट स्वतःच बंद केली.

शेवटाचा प्रश्नही निघाला. मूळ चित्रीकरणात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या दबावामुळे तो शेवट बदलून पोलिसांना मध्ये आणावं लागलं. जुन्या शेवटाची दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. आमच्या निकालात याने काही फरक पडला नाही. खलनायकाचं काय होतं हे आम्ही बघत नाही, शेवटच्या घटकेला तो काय करतो तेवढंच बघतो. दोन्ही शेवटांत गब्बरला कशाचीही खंत नाही. सगळ्यांची मतं 'हो'.

एक नाव म्हणजे एक माणूस नव्हे, हे फ्रोलोच्या वेळी फार चांगलं कळलं. डिस्नेचा १९९६ चा नोत्र दामवरचा चित्रपट त्या मुलीने आणला होता. त्यातला न्यायाधीश फ्रोलो चर्चच्या पायऱ्यांवर एका आईचा जीव घेतो आणि तिचं तान्हं मूल विहिरीत टाकायला निघतो. धर्मगुरू आडवा येतो म्हणून थांबतो. मूल वाढवतो खरं, पण स्वतःच्या आत्म्याला शिक्षा होईल या धास्तीने, आणि वाढवतो ते घंटाघरात कोंडून. पुढे एका मुलीपायी पॅरिस पेटवतो. आगीसमोर उभं राहून म्हटलेलं त्याचं गाणं पश्चात्तापाचं आहे का, यावर खूप खल झाला. गाण्यात तो नरकाला घाबरतो, पण दोष मात्र त्या मुलीला देतो, देवाला देतो, स्वतःला देत नाही. पास. मग वकीलसाहेबांनी ह्युगोची १८३१ ची कादंबरी काढली. तिथला क्लोद फ्रोलो पाद्री आहे. आईबाप प्लेगमध्ये गेल्यावर त्याने धाकट्या भावाला, जेहानला, पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि टाकून दिलेल्या क्वासिमोदोला उचललं तेही कळवळ्याने. पुढे तो जे करतो ते भयंकर आहे, पण हा माणूस यादीत येऊच शकत नाही. तेव्हापासून आमच्या नोंदीत नावापुढे कलाकृती आणि साल लिहिल्याशिवाय कुणी बोलत नाही.

यावरूनच बाईंनी कंस काढला.

"तुमच्या या यादीत आमच्या पुराणातला एकही धड बसणार नाही," त्या म्हणाल्या. जय-विजयांपासून सुरुवात केली. वैकुंठाचे द्वारपाल, सनकादिकांचा शाप, सात जन्म भक्त म्हणून काढायचे की तीन जन्म वैरी म्हणून असा पर्याय, आणि लवकर परत यायचं म्हणून त्यांनी घेतलेले तीन. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. म्हणजे या सहा जणांचं वैर ही मुळात भक्तीचीच आडवाट. निवड करता आली पाहिजे या अटीवर इथेच पाणी पडलं.

"कंस त्या सहांत नाही," भाचा म्हणाला.

"नाहीच. म्हणून तर त्याचंच सांगते. भागवताचा दशमस्कंध वाचलायस?"

अर्थातच आमच्यापैकी कुणी वाचला नव्हता. बाईंनी सांगितलं ते असं. देवकीच्या लग्नात रथाचे लगाम स्वतः कंसाने धरले होते, बहिणीच्या कौतुकापोटी. आकाशवाणी झाल्यावर त्याने तिचे केस धरून तलवार उपसली हे सगळ्यांना माहीत असतं. पण वसुदेवाने शब्द दिल्याप्रमाणे पहिला मुलगा आणून दिला तेव्हा कंसाने तो परत दिला. मला भीती आठव्याची, याला घरी ने, म्हणाला. मग नारद आले, देव-दानवांच्या गोष्टी कानात घालून गेले, आणि तेव्हा त्याने मुलं मारायला सुरुवात केली. पुढे योगमाया त्याच्या हातून निसटून आकाशात गेल्यावर त्याने देवकी-वसुदेवांच्या बेड्या काढल्या आणि त्यांची क्षमाही मागितली. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी पुन्हा फिरवला.

आम्ही गप्प. आमच्या डोक्यातला कंस टीव्हीवरच्या मालिकांमधला, मिशा पिळून गडगडाट करणारा. मालिकेतला तो कंस कदाचित पास होईलही. पोथीतला पहिल्याच मुलापाशी नापास. आणि बाईंनी वर हेही ऐकवलं की खाता-पिता, चालता-झोपता भीतीने का होईना कृष्णाचाच ध्यास घेतल्यामुळे शेवटी त्याला कृष्णाचंच रूप मिळालं. यावर कसलं मतदान घ्यायचं? पुराणातली पात्रं नोंदवायची नाहीत असं आम्ही ठरवलं. लोकांच्या भावना दुखावतील हे कारण होतंच, पण खरी अडचण अशी की प्रत्येक कीर्तनकाराचा कंस निराळा. साल आणि कलाकृती कोणती लिहिणार?

हॅरी पॉटरच्या बाबतीत माझं बाकीच्यांशी जमलं नाही आणि अजून जमलेलं नाही. व्होल्डेमॉर्टवर एकच आडकाठी निघाली: सातव्या पुस्तकात त्याची खास हस्तक बेलाट्रिक्स पडते तेव्हा त्याचा संतापाचा स्फोट होतो, मग तिच्याबद्दल काही वाटत होतं का? राग आणि दुःख या वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वांत कामाची माणसं गेली की सेनापती चिडतोच. तो पास झाला, ठीक. अंब्रिजला मात्र नापास केलं, का तर तिच्या हातून कुणी मेलं नाही आणि व्होल्डेमॉर्टसमोर ती किरकोळ ठरते. इथे ऐपतीची अट कुठे गेली? सरकारी खुर्चीवरची बाई. हाताखाली शाळा मिळाली तर शिक्षा म्हणून मुलांच्या हातावर त्यांच्याच रक्ताने वाक्यं उमटवणारी लेखणी वापरते. कुणी न सांगता एका पोरावर डिमेंटर, म्हणजे माणसाचा आत्मा शोषणारे पहारेकरी, सोडते. न्यायासन मिळालं तर जन्मावरून माणसं तुरुंगात पाठवते. जे जे हातात आलं ते ते तिने पुरेपूर वापरलं. माझं मत एकट्याचं पडलं. बहुमत ते बहुमत.

सदाशिव अमरापूरकरांच्या दोन भूमिका शेजारी शेजारी ठेवून बघण्याची कल्पना माझीच होती, नगरच्या या नटाबद्दल असलेल्या अभिमानापोटी. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी (१९८३, कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची) चटकन बाद झाला. तो जे करतो ते करायला आजूबाजूची सगळी व्यवस्था त्याला मदत करते. त्या जगाच्या मापाने तो जगावेगळा नाही, त्यातून आलेलाच आहे. 'सडक'मधली कोठेवाली महाराणी मात्र अडली. या भूमिकेसाठी अमरापूरकरांना खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं, त्या विभागात दिलं गेलेलं ते पहिलंच. मुलींचा बाजार मांडणारं, दयामाया नसलेलं पात्र. अटी सगळ्या भरतात. पण अ‍ॅनिमेशनवाल्या मुलीने विचारलं, "हिच्या कृत्यांमुळे आपल्याला ती भेसूर वाटते, की ती तृतीयपंथी आहे म्हणून सिनेमा तिला तसं दाखवतो?" दोन्ही होतं. १९९१ च्या सिनेमाने ते वेगळं केलेलंच नाही. शेवटी आम्ही फक्त कृत्यांची वेगळी यादी केली आणि ती एखाद्या साध्या पुरुष दलालाच्या नावावर चढवून पुन्हा वाचली. तरीही पास झाली. ही युक्ती मला आवडली. हल्ली दिसण्या-बोलण्यावरून खलनायक रंगवलेला असला की आम्ही आधी हेच करतो.

तात्या विंचूवर भाच्याने माझ्याशी दोन आठवडे अबोला धरला होता. 'झपाटलेला' आला १९९३ मध्ये, तेव्हा त्याचा जन्मही नव्हता, पण लहानपणी टीव्हीवर पाहून बाहुलीच्या भीतीने त्याने पलंगाखाली बघणं सोडलं होतं. त्याची मांडणी जोरदार होती: सराईत खुनी, मरता मरता मृत्युंजय मंत्राने बाहुल्यात शिरतो आणि निरपराध लक्ष्याचं शरीर बळकावण्यासाठी वाटेत येईल त्याच्यावर उठतो. माया कुणावर नाही, पश्चात्ताप नाही. सगळं बरोबर. अडलं ते गंभीरपणाच्या अटीवर. सिनेमा विनोदी आहे म्हणून खलनायक बाद होत नाही. त्याच्याभोवती कितीही हशा असो, तो स्वतः आला की हशा थांबला पाहिजे. दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज, रामदास पाध्यांचा तो बाहुला... 'ओम फट् स्वाहा' म्हटल्यावर थिएटर घाबरायचं की खिदळायचं? मी थिएटरमध्ये होतो. दोन्ही करायचं, बहुतेक एकाच वेळी. वकीलसाहेबांनी आणखी एक पाचर मारली: त्याच सिनेमातल्या इतर गुंडांपेक्षा हा नेमकं जास्त काय करतो? मंत्र सोडला तर उत्तर सापडेना. नापास, माझ्या मतासकट.

सध्या टेबलावर शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला खलनायक इयागो आहे, बाईंनी आणलेला. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून केलेलं 'झुंझारराव' त्यांच्या वडिलांना तोंडपाठ होतं म्हणे, पण मांडणी मूळ शेक्सपिअरवरच केली आहे. हाताखाली फौज नाही, पद साध्या निशाणवाल्याचं, स्वतःच्या हाताने मारतो ते रोडेरिगोला आणि शेवटी आपल्याच बायकोला. बाकी सगळं काम नुसत्या कुजबुजीने आणि एका रुमालाने. ऐपतीच्या मापाने बघितलं तर याच्या तोडीचं आमच्या यादीत कुणी नाही. वकीलसाहेबांचा आक्षेप असा की तो कारणं सांगतो: बढती डावलली, बायकोवर संशय होता. बाईंचं म्हणणं, तो इतकी कारणं सांगतो की त्यातलं एकही खरं वाटत नाही, आणि शेवटी थेट विचारल्यावर तर आता एक शब्दही बोलणार नाही म्हणतो. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजनेही त्याच्या दुष्टपणामागे खरा हेतू शोधून सापडत नाही असंच म्हटलं होतं. मी 'हो' म्हणून बसलोय. भाच्याने अजून नाटक वाचलेलं नाही आणि सिनेमा पाहून मत चालेल का विचारतोय. बाई म्हणाल्या, "चालेल, पण मग साल आणि कलाकृती लिही."